नलूताईंचं ‘गमस’

सगळ्यांत आधी नलूताईंच्या गौरव समितीचे शेठजीच आले, माणूस जेवून आडवा होतो त्या वेळेला. मागून त्याच समितीचे प्राध्यापक. मी तेव्हा नलूताईंकडेच बसले होते, म्हणून सगळं ठाऊक. पण ते नंतर. आधी ओळख सांगायची असते म्हणे.

नलूताई आमच्या कोरीटच्या शाळेच्या बाई. साठीला आल्या तरी छोट्या फिल्मा काढायचं वेड जात नाही. पहिल्यांदा आल्या त्या आमच्या मिरच्या वाळवायच्या पथारीवर, मोबाईल घेऊन. मिरच्या पसरणारे माझे हात हवे होते. तोंड नको! नवी साडी नेसले होते, ती वाया. आवाज हवा, तोही एका वाक्यापुरता.

वाक्य प्रेमाचं. मी शाळेतल्यासारखं म्हटलं, “तू मला आवडतोस.”

ताई म्हणाल्या, “माय, घरमा बोलतस तशी बोल.”

मोबाईल पुढे धरला की तोंडात मराठीच येते, त्याला मी काय करू? वर ऊन, मिरचीचा ठसका, आणि या बाई हटेनात! शेवटी चिडून ओरडले, “तू माले गमस! व्हयनं का?”

फिल्ममध्ये तो राग तसाच ठेवलाय.

मी विचारलं, “पण हाई कोले म्हणानं? माणूसले का बाईले?”

ताई हसल्या. “गमस मा कळस का?”

खरंच कळत नाही. अहिराणीत बाप्यालाही गमस, बाईलाही गमस.

नलूताई आणि शोभाताई एका घरात राहतात. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला दोघी दवाखान्यात बसून होत्या. नर्सनं विचारलं, “तुम्ही बहिणी का?” नलूताई माझे कागद चाळायला लागल्या. शोभाताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला ते फार लागलं.

तर पाहुणे. सत्काराला फिल्म दाखवायची, खाली मराठी अक्षरं हवीत. प्राध्यापक म्हणाले, “‘आवडतोस’ लिहू. उगाच चर्चा नको.”

अरे, फिल्म तुमची की बाईंची? माझ्या जिभेवर आलंच होतं. शोभाताई चहा घेऊन दारातच थांबलेल्या. त्यांच्याकडे बघत नलूताई म्हणाल्या, “‘आवडतेस’ लिहा.”

शेठजी खोकले. प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

“चहा थंडा व्हई ऱ्हायना,” शोभाताई म्हणाल्या, आणि पाहुण्यांना सोडून पहिला कप त्यांनी नलूताईंना दिला.

नलूताईंना पुष्कळ आयुष्य मिळो, दम लागू नये, गुडघे चालत राहोत, दोघींचेही. ते अक्षर लिहायचं की नाही हे समितीला विचारून बुधवारी येतो, असं सांगून पाहुणे गेलेत.