मुक्या गाडीची चावी

गाडी मले चालवता येते, हे आधीच लिहून ठेवतो. पुढं जे झालं त्यात माझी चूक एवढीशीच आहे.

आमची पोरगी सुनीता चंद्रपूरले नर्स आहे. मी आन् माझी बायको सखू चिमूरकडचं गाव सोडून तिच्याकडं राहाले आलो. तिच्या दारात बॅटरीची गाडी. लायसन लागत नाई अशी, हळू चालणारी. मी म्हटलं, "तू दवाखान्यात पायी जातं. चावी मले दे."

पोरगी म्हणे, "बाबा, जटपुरा गेटपर्यंत जाऊन नीट वापस या. मंग चावी तुमची." आन् साक्षीदार म्हणून मागं मायले बसवलं!

(चाळीस वर्षं बैलं हाकली. कोण्या बैलानं माझी परीक्षा घेतली नाई!)

दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. चावी फिरवली. आवाजच नाई.

"बंद आहे वो ही."

"चालू आहे, बाबा."

"चालू आहे तं बोलत काऊन नाई?"

खात्री कराले मूठ पिळली. गाडी बोलली नाई, सरळ शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांत शिरली! सुनीतानं डोळे मिटले. "हे मोजत नाई. रस्त्यापासून मोजते."

रस्त्यावर नवीनच घोळ. गाडी मुकी, म्हणून मी येतो हे लोकांले समजेना. एक भाऊ फोनवर बोलत आडवा, एक बाई पालकाची जुडी घेऊन आडवी! हॉर्न होता म्हणे. कुठी होता? एक बटन दाबलं तं उजवा दिवा लुकलुकला, दुसरं दाबलं तं डावा. मी चाललो सरळ! मागचे लोक गोंधळले. मी तं आधीपासूनच होतो.

मंग माझं डोकं चाललं. आम्ही पहाटं मोहफूल वेचाले जंगलात जातो, तं गुपचूप नाई जात. हाका मारत, डबा वाजवत जातो. अस्वल असो का वाघ, आपण येतो हे त्याले आधी कळलं तं तो बाजूला होते. दचकला तं आपला खेळ खतम! शहरातल्या माणसाले हाच कायदा लावला.

"सखू, हाक दे!"

"हेल्मेटमंधून?"

"काच वर कर!"

मी ओरडलो, "हुर्र्र... हो! हुर्र्र... हो!" सखूनं पिशवीतला जेवणाचा डबा काढला आन् झाकणानं बडवला. रस्ता फटकन मोकळा! मी खूश.

जटपुरा गेटजवळ एक भाजीवाली (आमच्याच जंगलातली असावी) टोपली टाकून उठली. "ही तं वाघाची हाक! पळा रे, वाघ आला!"

आता, चंद्रपुरात वाघ आला म्हटलं तं कोणी पुरावा मागत नाई. पानठेलेवाला स्वतःच्याच ठेल्यावर चढला. रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. चारी बाजूनं "वाघ! वाघ!" मले काही समजेना. कोणता वाघ? कुठी? मी एवढ्या हाका मारून राह्यलो, तरी आला? मी ब्रेक दाबला. गाडी, बायको, परीक्षा सारं सोडलं आन् चौकातल्या चबुतऱ्यावर चढलो. तिथी ट्रॅफिकची पोलीसबाई उभी.

"बाबा, वाघ कुठी पाह्यला?"

"मी नाई पाह्यला. लोक म्हणून राह्यले."

"लोक म्हणतात, हाका तुमी देल्या!"

"मी तं लोकांले देल्या."

"वाघाच्या?"

मी हेल्मेटची काच लावून घेतली.

खाली पाह्यतो तं सखू. डबा पिशवीत, पाय जमिनीवर टेकलेले, दोन्ही हात हँडलवर. (सायकल येत होती तिले. साऱ्या जन्मात मले सांगितलं नाई!) हॉर्नचं बटन तिनं पहिल्याच फटक्यात शोधलं. पीं करून वाजवलं आन् म्हणे, "उतरा जी. लोक पाहून राह्यले."

सखूनंच गाडी घरी आणली आन् पोरीले सारी साक्ष देली. सुनीतानं गाडी चारी अंगानं तपासली. एक ओरखडा नाई! मी ऐटीत हात पुढं केला. चावी माझ्या हातावरून तशीच पुढं गेली आन् सखूच्या पदराले बांधली गेली.

आता सखू चालवते. मी हेल्मेट घालून मागं बसतो, पिशवी धरतो. डबा वाजवाची परवानगी मात्र अजून भेटली नाई.