उंचीप्रमाणे जोड्या

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. मी कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. वडील जळगावकडून नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. क्वार्टर, शाळा, सायरन वाजला की डबा, असं आमचं आयुष्य. बुऱ्हाणपूरकडच्या फोपनारच्या बाजूच्या या गावात आल्यावर मला केळीच्या बागेत नीट चालतासुद्धा येत नव्हतं. जिजीने शिकवलं. घड खांद्यावर घेताना गोणपाट कसं टाकायचं, केळीचा चीक लुगड्याला लागला तर तो कधीच निघत नाही, जेठांसमोर म्हणजे मोठ्या दिरांसमोर पदर कुठपर्यंत ओढायचा, सगळं तिने शिकवलं. रागावली नाही कधी. हसायची मात्र खूप.

मला मूल झालं नाही. त्यामुळे तिची मुलगी दोघींची झाली. जेवायची तिकडे, झोपायची माझ्याजवळ. जिजी म्हणायची, "अर्धी तुझी, अर्धी माझी. पण वेणी तूच घालजो, मले कटाळा येतो."

ती मुलगी बारावीत असताना शेतात करंट लागून गेली.

आदल्या दिवशी शाहपूरचा बाजार होता. मी निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "मोटरच्या केबलचा जोड उघडा पडलाय. काळी टेप घेऊन येजो." मी हो म्हटलं. बाजारात कॉलनीतली एक जुनी शेजारीण भेटली, बोलण्यात वेळ गेला, भाजी घेतली, पोरीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि टेप विसरले. घरी पिशवी रिकामी केली तेव्हा आठवलं. घडांना घालतात त्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी फाडून नवऱ्याने जोडावर गुंडाळली आणि म्हणाला, "उद्या मंडीतून मीच आणतो."

दुसऱ्या दिवशी तो केळीची गाडी घेऊन बुऱ्हाणपूरला गेला. जेठ एका मयतीला गेले होते. मी नदीवर धुणं घेऊन गेले होते. अकराच्या सुमारास लाइट आली आणि पोरगी मोटर चालू करायला गेली. पाइपापाशी चिखल होता, तिचे पाय ओले होते आणि त्या जोडातून स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत करंट उतरला होता. शेजारच्या शेतातल्या माणसाने बांबूने तिला पेटीपासून सोडवलं. मी नदीवरून धावत आले तेव्हा तिला ओट्यावर निजवलं होतं, आणि जिजी तिच्या तळपायाला राख चोळत होती. चोळतच होती. कुणीतरी तिचे हात धरेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सगळे बसले होते. जेठांनी विचारलं, "पोरगी गेलीच कशाले तिथं? कोनं सांगितलं तिले?"

जिजी म्हणाली, "काकानं सांगून ठेवलं होतं तिले. लाइट आली की मोटर चालू करजो म्हणे."

माझा नवरा खाली बघत होता. जेठांनी त्याची कॉलर धरली. "जोड तूच बांधला होता ना?"

"हो."

एवढंच तो बोलला. मी दारात उभी होते. टेप हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. तो मी गिळला. पुढे कितीदा स्वतःला सांगितलं की ती वेळ नव्हती. पण वेळ तीच होती.

आठवड्याभरात अंगणात भिंत आली. विटांची, प्लास्टर न केलेली, डोक्याच्या वरपर्यंत. जेठांनी स्वतः रचली. जिजीच्या घराचं दार पलीकडच्या गल्लीत निघालं. लग्नाकार्यात आम्ही मांडवात गेलो की ते दुसऱ्या टोकाला जायचे. गावात माझ्या नवऱ्याला समोर कुणी काही म्हणालं नाही, पण पंगतीत त्याच्या शेजारची पत्रावळ बराच वेळ रिकामी राहायची. एकदा एका बाईने पोराला हाक मारली, "इकडं ये, त्या काकाजवळ जाऊ नको." ते त्याने ऐकलं. मीही ऐकलं.

एकदाच मी त्याला म्हटलं, "मी सांगते त्यांना टेपचं."

"मग काय होईल? पोरगी येऊन राहिली का परत?"

मी परत तो विषय काढला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. अशी पाच वर्षं गेली.

कॉलनीच्या शाळेत आम्हाला एक बाई नाच शिकवायच्या. लेझीम, फेर, आणि शाळेच्या गॅदरिंगचं काय असेल ते. त्या निवृत्त होऊन त्याच कॉलनीत राहिल्या होत्या. एका लग्नात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या की आता त्या गावोगावी जाऊन भांडलेल्या बायकांबरोबर काम करतात. "बोलायला लावलं की बायका आणखी भांडतात ग," त्या म्हणाल्या, "म्हणून मी बोलू देत नाही. चालायला लावते, नाचायला लावते."

आमच्या गावात त्या उन्हाळ्यात नळावरून दोन गल्ल्यांत झोंबाझोंबी झाली होती. हंडे फेकले, एकीचा कान फाटला. मी आमच्या बचत गटात बाईंचं नाव सुचवलं. नळाचं कारण पुढे केलं. माझ्या मनात दुसरं काही होतं का, ते मला तेव्हा धड माहीत नव्हतं. पण गटाची अध्यक्ष जिजी होती आणि तिला यावं लागणार, हे माहीत होतं.

अंगणवाडीच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी जमायचं ठरलं. पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंनी फक्त खोलीभर चालायला लावलं, एकमेकींना धक्का न लावता. नळावर भांडलेल्या दोघी भिंतीला चिकटून चालल्या. दुसऱ्या गुरुवारी डफलीच्या ठेक्यावर पावलं टाकली, समोरचीची पावलं बघून. कान फाटलेली बाई चुकली तेव्हा तो कान फाडणारीच हसली आणि मग तीही हसली. बाई मला हळूच म्हणाल्या, "बघ." जिजी दोन्ही वेळा आली नव्हती. तिसऱ्या गुरुवारी आली. दाराजवळ बसली.

बाईंना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. गटात जिजी आणि मी, दोघीच उंच.

खोलीत एकदम शांतता झाली. बाईंना वाटलं, बायका लक्ष देतायत. त्यांनी सांगितलं, "समोरासमोर उभ्या राहा. एकीने हात हलवायचे, दुसरीने आरशासारखं तसंच करायचं. बोलायचं नाही. मोठी आधी."

जिजी जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिला इतक्या जवळून बघत होते. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

डफली हळू वाजत होती. जिजीने हात वर केला, खाली आणला. मीही केला. दोनतीनदा असंच काहीतरी, नाइलाजाने केलेलं. मग तिचे दोन्ही हात खाली आले, मुठी वळल्या आणि ती कणीक मळायला लागली. हवेतच. मी पण मळायला लागले. मग तिचा उजवा हात कणकेतून सुटला आणि दाराच्या दिशेने झटकला गेला. कुणाला तरी पिटाळावं तसा. परत कणकेत आला. परत झटकला. तिसऱ्यांदा मी तसाच हात झटकला, आणि हात बाहेर फेकलेला असतानाच मला कळलं की ती काय करते आहे. तिचे डोळे माझ्यावर होते, पण ती मला बघत नव्हती.

बाई म्हणाल्या, "आता बदला. दुसरीने पुढे व्हायचं."

मला दुसरं काही सुचलं असतं तर मी तेच केलं असतं. माझ्या हाताने पिशवी धरली. बांगड्या निवडल्या, मनगटाला लावून माप बघितलं. जिजीने बघितलं. तिने तसंच केलं, स्वतःच्या मनगटाशी बोटं नेऊन. मग मी पिशवी उघडली, आत हात घातला, चाचपलं, आणि रिकामा हात बाहेर काढला. जिजीचाही हात रिकामा बाहेर आला. तसाच धरून ती म्हणाली,

"काय नव्हतं त्यात?"

बाईंनी डफली थांबवली.

"टेप," मी म्हटलं. "जोडाला लावायची काळी टेप. त्यांनी मला आणायला सांगितली होती. मी विसरले, जिजी."

तिने माझ्या थोबाडीत मारली. आवाज खोलीभर झाला. मी हललेही नाही, उलट ती आणखी मारेल म्हणून थांबले. पण ती खाली बसली, अंगणवाडीच्या त्या सतरंजीवर, आणि म्हणाली, "बांगड्या हिरव्या होत्या ना?"

"हो."

"तिच्या हातात होत्या त्या दिवशी. दवाखान्यातून मले पुडीत बांधून देल्या. एक बी फुटली नाही." मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाली, "काकानं नाही सांगितलं वं तिले. तो काहीच नाही बोलला. मीच धाडलं. अभ्यास करून राह्यली होती पोरगी. लाइट आली, मी कणीक मळून राह्यली होती, म्हटलं जाय पटकन, पुस्तक काय पळून नाही जात. ती नको म्हणे. मी हाकललं तिले."

दहाबारा बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी रडलं नाही. एकेक करून निघून गेल्या. बाईंनी डफली पिशवीत घातली. मला म्हणाल्या, "तू मला सांगायला हवं होतंस. नळाचं भांडण म्हणालीस ना? आज कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर?" त्यांचं बरोबर होतं.

आम्ही दोघींनी वाटेत ठरवलं की आजच सांगायचं. माझा नवरा अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. जिजी पाच वर्षांनी आमच्या उंबऱ्यात आली, म्हणून तो घाईने उठला, हात पुसले. तिने सांगितलं. मग मी, की आज टेपचं सगळ्यांसमोर बोलले. त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"कुठं बोलल्या हे?"

"अंगणवाडीत. बाईंनी ते आरशाचं..."

"नाचता नाचता?" तो म्हणाला. "पाच वर्षं मी गावात तोंड खाली घालून फिरून राहिलो, आणि तुम्ही नाचता नाचता सांगितलं?"

जिजी त्याच्या पायाशी वाकली. तो मागे सरला. "भाभी, तुमचं मले माहीत होतं. मी तिले काही सांगितलंच नव्हतं, तर धाडणारं दुसरं कोण होतं घरात? तुमची पोरगी गेली होती. तुम्हाले मी काय बोलणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण तू रोज माझ्या ताटात वाढत होती."

त्याच संध्याकाळी त्याने खाट शेतातल्या खोलीत नेली.

जेठांना जिजीने त्याच रात्री सांगितलं. सकाळी उठून ते शेताकडे गेले. लोकांनी बघितलं, दोघे भाऊ बांधावर बसले होते, दुपारपर्यंत. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून दोघे एकत्र बागेत काम करतात, घड एकाच गाडीत जातात. जेठ जिजीशी मात्र कामापुरतंच बोलतात, तेही तिच्याकडे न बघता. तिला त्यांनी घराबाहेर काढलं नाही. ती म्हणते, काढलं असतं तर बरं झालं असतं.

नळावरच्या बायकांनी महिनाभर रांग लावली. मग पाणी कमी झालं आणि परत भांडल्या, पण हंडे फेकले नाहीत.

जिजी आणि मी दुपारी एकमेकींकडे जातो. बहुतेक वेळा तिच्या ओट्यावर बसतो. गावातल्या बायका आता आम्हा दोघींच्या शेजारी बसायचं टाळतात. एकदा मी तिला विचारलं, तू मला माफ केलंस का. ती म्हणाली, "माफ-बिफ मले समजत नाही. पण तुले पाह्यलं की आधी अंगाची आग व्हायची, ती आता होत नाही." मग तिनेच विचारलं, "आणि तू मले केलं का?" माझ्या नवऱ्याला खोटं बोलायला लावलं नव्हतं तिने, पण त्याच्या नावावर ते खोटं तिनेच चढवलं होतं, आणि ते मला अजून गिळवत नाही.

बाईंचा मध्ये फोन आला होता. दुसऱ्या एका गावात त्यांना ही हकिगत सांगायची होती, लोकांना समजावं म्हणून की अंग हललं की काय काय बाहेर येतं, आणि ते झेलायला कुणीतरी हवं. मी जिजीला विचारलं. ती म्हणाली, "सांगू दे. नाव कोनाचंच नको. पोरीचं तर मुळीच नको." म्हणून मीही इथे कुणाचं नाव घेतलेलं नाही.

नवरा अजून शेतातच राहतो. मी रोज डबा करते, जेठ सकाळी जाताना घेऊन जातात. संध्याकाळी डबा परत येतो, घासूनपुसून, भाजी संपलेली असते. परवा मी त्यात लोणचं द्यायला विसरले. जेठांनी दारातूनच, माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्यानं लोणचं मागितलंय."

दुसऱ्या दिवशी मी लोणचं दिलं.