राजधानी हलल्यावर मागे राहिलेल्यांचं काय?

यावेळी राजगडावर गेलो ते एका फोनमुळे. माझा धाकटा भाऊ संतोष परदेशात, एका देशाच्या राजधानीत, हॉटेलात स्वयंपाकी आहे. देशाचं नाव लिहायचं नाही अशी आईची ताकीद आहे. तिला नावाचीच धास्ती बसलीय. तिथे युद्ध पेटलंय. सरकारने राजधानी उचलून बंदराच्या शहरात नेली. मागोमाग परदेशी वकिलाती गेल्या, हॉटेलचा मालकही गेला. मग मधला रस्ता बंद झाला आणि संतोष जुन्या राजधानीत अडकला. शेवटचा फोन आला तेव्हा रडला-बिडला नाही. म्हणाला, "दादा, महाराज राजगडावरून रायगडाला गेले, तेव्हा मागं राहिलेल्या लोकांचं काय झालं रे? आपल्याला शाळेत शिकवलं होतं का?"

नव्हतं शिकवलं. बघून सांगतो म्हणालो आणि फोन कट झाला. तो परत लागलाच नाही. घरात बसून मोबाईलकडे टक लावण्यापेक्षा हे बरं, म्हणून रविवारी पहाटे पुण्यातून बाईक काढली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो. सातारा रोडने नसरापूर फाटा, तिथून उजवीकडे वळून मार्गासनी, मग साखर, वाजेघर करत पाली. फाट्यावर मिसळ हाणून घ्या, पुढे पोटापाण्याचा भरवसा नाही. शेवटचा रस्ता अरुंद आहे; समोरून टेम्पो आला की मान आपणच त्याला द्यायचा. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाटही आहे, पण ती उभी. गुडघे कुरकुरत असतील तर पाली दरवाजाच बरा.

पद्मावती माचीवर रविवारची जत्रा होती. पिठलं-भाकरी खायला बसलो. किंमत गडाखालच्यापेक्षा जास्त, पण पीठ-पाणी डोक्यावरून वर येतं, त्यामुळे घासाघीस करू नका. शेजारी कॉलेजची पोरं बसली होती.

"एवढा भारी किल्ला सोडून का गेले असतील रे?" एका मुलीने विचारलं.

"अपग्रेड केलं असेल," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग माझीच मला चीड आली.

खरं उत्तर बालेकिल्ल्यावरून समोरच दिसतं. एकीकडे सिंहगड, दुसरीकडे पुरंदर. पुरंदरच्या तहात हे दोन्ही मोगलांना द्यावे लागले होते. म्हणजे शत्रू दारात येऊन बसलेला, आणि इथे वर जागा ही एवढीशी. रायगड घाटाखाली, डोंगरांच्या पोटात, समुद्राला जवळ, वर ऐसपैस. पुढे रायगडावरही संकट आलं तेव्हा गादी पार दक्षिणेत जिंजीला गेली आणि राज्य तगलं. राजधानी म्हणजे काही घरं आणि बाजार नव्हे. शिक्का, खजिना आणि हुकूम देणारा माणूस, एवढं शाबूत राहिलं तर लढाई चालू राहते. सरकारं काही भित्री म्हणून पळत नाहीत, हे मला तिथे उभं राहून पूर्ण पटलं. पटल्यावर जास्तच राग आला, कारण आता शिव्या तरी कुणाला घालायच्या?

उतरताना वाट चुकलो आणि एका धनगरवाड्यात शिरलो. चारपाच घरं, बहुतेकांना कुलपं. एका अंगणात कोंडीबाबा नावाचे म्हातारे तीन दगडांवर भाकरी भाजत होते. मागे त्यांचं स्वतःचं घर, दार सताड उघडं, आत सारवलेली चूल. मी पाणी मागितलं, त्यांनी ताक दिलं.

"बाबा, चूल असून बाहेर का करताय?"

"देव हालले न्हवं. देव हालल्यावं मागं चूल पेटवायची न्हाई, आमच्यात तसं हाय."

हळूहळू कळलं ते असं. मुलगा खाली हायवेवरच्या वरव्याला कंपनीत लागला, तिथे दोन खोल्या घेतल्या. घर हलवायचं तर आधी देव न्यायचे. त्याने चांगला दिवस बघून देवांचे टाक फडक्यात बांधून नेले. बाबा म्हशी विकून मागोमाग येणार होते. म्हशी विकल्या गेल्याच नाहीत, आणि दोन खोल्यांत म्हशी कुठे बांधणार?

"मग म्हशींपायी ऱ्हायलो. पावसाळा बी हितंच काढला, पडवीत."

"मुलगा येतो का?"

"येतो की. लई बोलावतो. त्याचं काय चुकलं न्हाई."

आत देवळीत देव नव्हते, पण तेलाने काळवंडलेली पणती होती. माझी नजर तिकडे गेलेली बघून ते म्हणाले, "दिवा लावतो म्या. कुणी न्हाई आत, म्हाईत हाय. पर अंधार पडल्यावं घर घरासारकं वाटत न्हाई."

मी त्यांना संतोषबद्दल सांगितलं. आणि त्याचा प्रश्न विचारला: महाराज गेल्यावर मागच्यांचं काय झालं असेल?

त्यांनी भाकरी उलटली. "ऱ्हायले आसतील. जायाचं तरी कुठं? गडावर गडकरी व्हताच की. पर राजा गेल्यावं..." त्यांनी भाकरी उतरवून दुसरी टाकली. "तुमचा भाऊ जेवतो ना येळंवर?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांना जेवू घालायची नोकरी त्याची, आणि तो जेवतो का हे मी फोनवर विचारलंच नव्हतं.

परतताना पुण्याकडे न वळता हायवेने सारोळ्याच्या बाजूला उतरलो आणि भोंगवलीला आईकडे गेलो. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून संतोषला उत्तर लिहायला घेतलं. 'राहिले असतील' लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'संत्या, विचारून आलो. त्या सगळ्यांना नंतर रायगडावर बोलावून घेतलं होतं.' पाठवलं. एकच टिक आली.

आई ओट्यावरच बसली होती. संतोषचा प्रश्न आणि मी गडावर चाललोय हे तिला आधीच सांगितलं होतं. "काय कळलं का रं गडावर?"

एकदा लिहिलेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं. म्हणालो, "सगळ्यांना बोलावून घेतलं होतं, आई. कुणी मागं राहिलं नाही."

ती कितीतरी दिवसांनी हसली. "बघ, म्या म्हनत हुते न्हवं? मंग त्यालाबी बोलावत्याल." आणि उठून आत गेली, त्याच्या वाटणीचं पण पीठ मळायला.

हे लिहितोय तेव्हाही टिक एकच आहे.