इंधन भरायच्या दिवशी जावळ

भाचा मांडीवर, त्याच्या डोक्यावर न्हाव्याचा वस्तरा, आणि माझे डोळे समोर टेकवलेल्या मोबाईलवर. त्यावर आकडे हलत होते. आमचा टँकर पृथ्वीभोवती फिरता फिरता एका उपग्रहात इंधन भरत होता. आणि कंट्रोल रूममधल्या माझ्या खुर्चीत शिल्पा बसली होती.

मी पुण्यातल्या एका खासगी अंतराळ कंपनीत आहे. धडधाकट उपग्रहसुद्धा इंधन संपलं की भंगारात जातो. वर जाऊन टाकी भरली तर तो आणखी चालतो. उद्या चंद्राकडं जाणारी यानंही वाटेत अशीच भरून घेतील, जमिनीवरून सगळं ओझं उचलायला नको. या पहिल्या चाचणीचा लीड मी होतो. जो ती पार पाडेल त्यालाच पुढचं मोठं मिशन, हे ठरल्यात जमा होतं.

चाचणीची तारीख सरकली आणि नेमकी बहिणीच्या गावी, बोरीत, भाच्याच्या जावळाच्या दिवशी आली. बहिणीला म्हटलं, "आठवडाभर पुढं घे."

"पाव्हण्यांना सांगून झालंय, दादा. बकरं बी ठरलंय. अन् मामाच्या मांडीबिगर जावळ काढतेत का कुठं? तू एकटाच मामा हायस."

बॉसना फोन केला. ते म्हणाले, "उपग्रह थांबत नाहीत. शिल्पा करेल."

शिल्पा पाथरीची, माझ्याच हाताखाली तयार झालेली. करेलच की. तेच तर पोटात दुखत होतं. पुण्यापासून बोरीपर्यंत मी तिच्या जुन्या चुका आठवत आलो. धड एक सापडली नाही.

वर अंतराळात इंधन टाकीच्या तळाला बसत नाही, कुठंही चिकटतं, तरंगतं. म्हणून किती भरलं ते टाकीतल्या गॅसच्या प्रेशरवरून काढतात. इंधन आलं की गॅस दाबला जातो, प्रेशर वाढतं. पण दाबलेला गॅस तापतोही, आणि तापल्यानंही प्रेशर वाढतं. मग अर्धीच भरलेली टाकी पूर्ण भरल्यासारखी दिसते.

स्क्रीनवर तेच व्हायला लागलं. प्रेशर चढलं, टेम्परेचरही. आता शिल्पा टाकी भरली समजून व्हॉल्व्ह बंद करणार आणि उपग्रह अर्धपोटी राहणार. खरं सांगतो, मला लय बरं वाटलं. लगेच त्याहून बरं सुचलं. मीच वाचवलं तर?

"दाजी, तुमच्या फोनवरून शिल्पाला लावा, लवकर," म्हणत मी वळलो.

"मामा, हलू नका," न्हावी म्हणाला. "लेकराच्या डोक्यावर वस्तरा हाय."

दाजींनी फोन माझ्या कानाला लावला.

"शिल्पा, टेम्परेचर बघ. टाकी भरलेली नाही."

"बघितलं, सर. व्हॉल्व्ह बंद केलाय, गॅस गार होऊ द्यायलेय. मग उरलेलं भरते. तुमी बिनघोर राहा. भाचा रडायलाय का?"

भाचा मजेत होता. रडायची पाळी माझी होती.

जेवायला बसलो तोवर बॉसचा फोन आला. "टाकी पूर्ण भरली. शिल्पानं सगळ्यांसमोर सांगितलं, हे सरांनी शिकवलं म्हणून."

"वा," मी म्हणालो.

"पुढचं मिशन तिच्याकडं देतोय. तुम्ही तिच्यासारखे आणखी दोघं तयार करा."

हाताखालच्या माणसाला हातचं काही राखून न ठेवता शिकवावं, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांना रजा घ्यावी लागत नसावी. सध्या मी त्या दोघांना शिकवतोय. दोघंही हुशार आहेत. रजा मात्र मी घेत नाही.