डांबराची पेटी

आमचे हे खांडबाऱ्याच्या स्टेशनात नोकरीला होते. परसात भाजीच्या देठांचं, सालींचं खत करायचं म्हणून त्यांनी रुळांखालच्या जुन्या, डांबर प्यायलेल्या लाकडाची पेटी ठोकली. ही कधी कुजायची नाही, असं साऱ्या आळीला सांगूनही झालं. मी त्यात शेणमाती घालून गांडुळं सोडली. सकाळी पाहते तर ती सगळी बाहेर पडून भिंतीपाशी जमलेली. सासूबाई म्हणाल्या, "गांडूळ बी जीव शे. डांबरमा कसा ऱ्हाई?" फुटकं मडकं घरात ठेवू नये म्हणणाऱ्या त्यांनीच मग तडा गेलेला रांजण परसात मांडला. गांडुळं त्यात सुखानं नांदली. यांची पेटी मात्र बोलल्याप्रमाणे कधीच कुजली नाही. तिच्यात राहिलेल्या सालीसुद्धा कुजल्या नाहीत.