मसुदा क्रमांक अठरा

वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगाराची ही मुलगी, ओपल विगिन्स, विसाव्या वर्षी वॉशिंग्टनला आली आणि परराष्ट्र खात्याच्या आशिया शाखेत टाइपिस्ट म्हणून चिकटली. आशिया तिने नकाशातच पाहिला होता. पण कुठला देश कुठल्या शब्दावर रुसतो, हे तिला साहेबलोकांपेक्षा जास्त कळायचं. रुसवे सगळे तिच्याच बोटांखालून जात ना!

एकाहत्तर सालच्या वसंतात जपानी मंडळी कापडाच्या निर्यातीची बोलणी करायला आली. सोमवारी ओपलचे साहेब, मिस्टर क्रेनशॉ, यांनी पहिला मसुदा पुढे ठेवला. जपान निर्यातीला ‘आवर घालील’, असं त्यात होतं. अर्ध्या तासात तो बाद झाला. मग ‘मर्यादा’ आली, ‘संयम’ आला, ‘विवेक’ आला. शुक्रवारी सकाळपर्यंत सतरा मसुदे झाले होते आणि ओपलची बोटं सुजली होती.

क्रेनशॉसाहेबांनी तिच्या टेबलावर चिठोऱ्यांचा ढीग ओतला. "ओपल, यातून सगळ्यांचं समाधान होईल असं काहीतरी जुळव. दुपारी त्यांचं विमान आहे."

"साहेब, हे अक्षर तुमचं की त्यांचं?"

"मलाही वाचता येत नाहीये," म्हणून ते निघून गेले.

ओपलने ट्यूना सँडविच संपवलं. मग सोमवारचा मसुदा काढला, कोऱ्या कागदावर जसाच्या तसा उतरवला, तारीख बदलली आणि डोक्यावर ‘क्रमांक अठरा’ टाकलं.

बैठकीत तिला कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसवलं होतं. जपानी दुभाषी निशिवाकी मसुदा मोठ्याने सांगू लागले. दुसऱ्याच वाक्याला ते अडखळले, चष्म्यावरून त्यांनी थेट ओपलकडे पाहिलं. तिला वाटलं, आता परतीची गाडी गाठायची. पण निशिवाकी खाकरले आणि पुढे वाचू लागले.

"आले बघ वठणीवर," क्रेनशॉसाहेब शेजाऱ्याच्या कानाशी पुटपुटले. पलीकडे जपानी प्रमुखांच्या चेहऱ्यावरही तेच समाधान होतं. पंधरा मिनिटांत सह्या झाल्या.

बाहेर निशिवाकींनी तिला गाठलं. "बाई, सोमवारी मी हेच वाचलं होतं. तेव्हा फार शिव्या खाल्ल्या."

"मग आज बोलला का नाहीत?"

"मलाही घरी जायचंय," ते म्हणाले आणि कमरेत वाकून नमस्कार करून गेले.

ओपल महिनाभर धास्तावलेली होती. खात्यात मात्र ‘अठरा’चं कौतुक चाललं होतं. साहेबांना बढती मिळाली.

दोन वर्षांनी साहेब कापडाच्या जुन्या फायलीतले दोन कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले. "यात फरक सापडतो का बघ जरा."

ओपलने चष्मा लावला. दोन्ही कागद सावकाश वाचले.

"तारीख वेगळी आहे, साहेब."

साहेबांनी सोमवारच्या कागदाची घडी करून खिशात घातली. "हा फायलीत नको राहायला," ते म्हणाले, "आणि पुढच्या आठवड्यात कोरियाची माणसं येताहेत. तू बैठकीला बस. कोपऱ्यात नको, माझ्या शेजारी."