सुरगाण्याच्या घरातला कॅमेरा

आई गेल्यापासून आबा सुरगाण्याच्या घरी एकटेच राहतात. मी तिथे वाय-फाय आणि कॅमेरा बसवून दिला आणि नाशिकमध्ये बसून मोबाइलवर त्यांना बघू लागलो. एका रविवारी सकाळी कॅमेरा अचानक बंद पडला. मी ॲप काढून पुन्हा टाकलं. कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले, "आमच्याकडून लाइन चालू आहे." आबा फोन उचलेनात. ते मोरीत पडलेत आणि मला हाका मारताहेत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. कॅमेऱ्याच्या भरवशावर बाप सोडून आपण निर्धास्त झालो होतो, याची लाज वाटली.

कितीतरी वेळाने त्यांनी फोन घेतला.

"आबा, वाय-फायच्या डब्यावर दिवा कोणता लागलाय? लाल का हिरवा?"

"एक बी नाय. म्याच पिन काढली."

"अहो, का पण?"

"आज तू येणार हाय ना? मंग कॅमेऱ्याचं काय काम? मागं कोंबडं सोलत व्हतो. कुठवर आलास?"

मागच्या आठवड्यात मीच तसं म्हणालो होतो आणि साफ विसरलो होतो.

"निघालोय," मी म्हणालो आणि सोफ्यावरून उठून चपला शोधू लागलो.